बयो, आधी त्यांचं ऐकून घे

काल रात्री अकराला तुझा फोन आला तेव्हा मी दूध विरजत होते. तू इतकी रडत होतीस की निम्मं कळलंच नाही. सकाळी उठल्यावर एकेक जुळवून पाहिलं. बाळाचे नऊ महिने भरले, गोवर-रुबेलाची लस द्यायची आहे, आणि तुझ्या सासऱ्यांनी मोबाइल पुढे करून सांगितलं की या लसीनं पोरांना पुढे मूलबाळ होत नाही, आपली लोकसंख्या घटवायचा हा बाहेरच्या देशांचा डाव आहे. तू म्हणालीस, "असलं अडाण्यासारखं बोलू नका." भरल्या पंगतीत, दीर-जावांसमोर. ते पानावरून उठले आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलले नाहीत.

बयो, तुझा मुद्दा बरोबर होता, शब्द चुकला. हे मी वरून सांगत नाही गं. हीच चूक मी तुझ्याआधी केली आहे. आजवर तुला सांगितली नव्हती, आज सांगते.

२०२१ चा मार्च होता. साठीच्या पुढच्यांना कोरोनाची लस नुकतीच सुरू झाली होती. आमचे मामंजी तुला माहीत आहेत. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर, तिकिटांच्या हिशोबात कधी चार आण्यांची तूट नाही. कुठल्या फाट्यावर कोण उतरायचं हे त्यांना अजून आठवतं. अशा माणसानं घरच्या ग्रुपवर मजकूर टाकला की दवाखान्यात कोरोनाच्या नावाखाली माणसं मारतात, किडन्या काढून घेतात, म्हणूनच प्रेतं गुंडाळून देतात, आणि लस हा त्याच्यापुढचा डाव आहे. मी दोन मिनिटांत खाली लिहिलं, "हे साफ खोटं आहे. खात्री केल्याशिवाय पुढे पाठवत जाऊ नका." बरोबर एक लिंकही जोडली. ग्रुपवर चाळीस माणसं, त्यात त्यांच्या बहिणी, व्याही, पुतणे, सगळे. दहा मिनिटांत मामंजी ग्रुपमधून बाहेर पडले. पुढचे दोन महिने त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. लस तर राहिलीच.

मेच्या अखेरीस एका संध्याकाळी वीज गेली होती. ते ओट्यावर बसले होते, मी शेंगा सोलत होते. लसीचं नावही न काढता मी त्यांच्या मित्राबद्दल विचारलं. तेही एसटीतलेच, ड्रायव्हर. दोघांनी एका मार्गावर कितीतरी वर्षं जोडीनं ड्यूटी केलेली. आधीच्या ऑगस्टात ते कोरोनानं गेले, एवढंच मला ठाऊक होतं. मामंजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "स्वतःच्या पायानं चालत आत गेला. नवव्या दिवशी फोन आला. स्मशानात आम्हाला लांब उभं केलं. म्हटलं, एकदा तोंड तरी दाखवा. नाही दाखवलं. काही केलं नव्हतं, तर झाकलं कशाला?"

बघ, त्या फॉरवर्डच्या मुळाशी हा प्रश्न होता. जिवाभावाचा माणूस नऊ दिवसांत नाहीसा झाला आणि शेवटचं तोंडही दिसलं नाही. का नाही, हे त्यांना कुणी धड दोन वाक्यांत समजावलं नाही. दवाखान्यातल्यांनी नाही, पालिकेच्या माणसांनी नाही, आम्ही घरच्यांनीही नाही. ते उत्तर फक्त त्या मेसेजनं दिलं. खोटं होतं, पण उत्तर होतं.

आता तू विचारशील, शहाणीसुरती माणसं असं का धरून बसतात? मला जेवढं वाचून-बघून कळलं आहे तेवढं सांगते. डोळ्यांना न दिसणाऱ्या विषाणूनं एवढा धडधाकट गडी नेला, हे मनाला पटत नाही. घटना मोठी, तर कारणही तेवढंच मोठं हवं, असं मनाचं गणित असतं. आणि माणूस जेवढा हतबल, तेवढा तो विखुरलेल्या ठिपक्यांतून चित्र काढू पाहतो. २००८ मध्ये जेनिफर व्हिट्सन आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की या दोन संशोधकांनी प्रयोग करून हे दाखवलं. आपल्या हातात काही उरलं नाही अशी भावना ज्यांच्यात जागी केली, त्यांना नुसत्या ठिपक्यांच्या गर्दीतही आकृत्या दिसू लागल्या आणि साध्या घटनांमागे कट वाटू लागला. लॉकडाउनमध्ये घरात कोंडलेल्या, पेन्शनीवरच्या, मित्र गमावलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात काय होतं, तूच सांग.

अजून एक अभ्यास माझ्या मनात घर करून राहिला आहे. इंग्लंडमध्ये २०१२ च्या सुमारास झालेला. ज्यांना वाटत होतं की राजकन्या डायनानं स्वतःच्या मृत्यूचं नाटक केलं, त्यांनाच तिचा खून झाला हेही जास्त पटत होतं. एकाच वेळी ती जिवंतही आणि मारलेलीही! म्हणजे माणूस त्या कहाणीच्या तपशिलाला चिकटलेला नसतो. 'वरचे लोक आपल्यापासून काहीतरी लपवतात' या एका खिळ्यावर त्याच्या सगळ्या कहाण्या टांगलेल्या असतात. म्हणून तू एक मेसेज खोडलास की दुसरा येतो. खिळा तिथंच असतो ना.

आणि बयो, तो खिळा कुणी ठोकला हेही बघायला हवं. हे बोलताना मला वाईट वाटतं, पण न बोलता पुढं जाता येणार नाही. लस घेतली की मूल होत नाही, ही भीती आभाळातून पडलेली नाही. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, आपल्या देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंदीची ऑपरेशनं झाली, आणि कितीतरी ठिकाणी बळजबरीनं. पगार अडवून, पोलीस लावून. तुझ्या सासऱ्यांच्या वयाच्या माणसांनी ते दिवस बघितले आहेत. २०११ मध्ये अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानं पाकिस्तानात अबोटाबादला ओसामा बिन लादेनचा माग काढायला कावीळ-ब च्या लसीची बनावट मोहीम उभी केली होती. ते बाहेर आल्यावर तिथल्या पोलिओ लसीकरणाचं अतोनात नुकसान झालं, लस पाजणाऱ्या बायांवर गोळ्या झाडल्या गेल्या. तेव्हा 'असलं कधी होतच नाही' असं त्यांना म्हणू नकोस. ते खोटं ठरेल, आणि तुझं पुढचं खरंही त्यांना खोटं वाटेल.

फार मागचंही सांगते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसांना ओढून दवाखान्यात नेत, घरं रिकामी करत. त्याच ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. तेव्हा वदंता अशी होती की राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं त्याचा सूड म्हणून रुग्णांची काळजं काढून घेतात. काळजं, बयो! सव्वाशे वर्षांनी आमच्या मामंजींच्या मोबाइलवर किडन्या आल्या. गोष्ट तीच, कारण दुःखही तेच. आपलं माणूस बंद दाराआड नेलं, परत दिलं नाही, आणि कुणी काही सांगितलं नाही. पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हुकुमानं गोरे शिपाई घराघरांत, देवघरापर्यंत घुसले, त्यानं तर लोकांचा उरला विश्वासही गेला. आणि त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या. मला नेहमी वाटतं, लोकांनी औषधावर विश्वास कुणाच्या हातून ठेवला असेल? हुकूम घेऊन येणाऱ्याच्या, की उशाशी बसणाऱ्या बाईच्या?

मग खरा कट आणि बनावट कट वेगळे कसे करायचे? मी एवढंच बघते की कहाणीत माणसं आहेत का. नसबंदीचे जुलूम शाह आयोगापुढं आले, साक्षी झाल्या, कागद निघाले, आकडे छापले गेले. अबोटाबादचं बातमीदारांनी बाहेर काढलं, डॉक्टरचं नाव कळलं. खऱ्या कटाला नाव असतं, तारीख असते, आणि आतलं कुणीतरी कधीतरी फुटतं. सासऱ्यांच्या मेसेजमध्ये फक्त 'ते लोक' आहेत. कोण ते? आपल्या उपकेंद्रातली सिस्टर? तिनं तिच्या स्वतःच्या पोरांना तीच लस दिलेली असते. हे तू त्यांना विचारू शकतेस, पण भांडणाच्या सुरात नको. तुला खरंच जाणून घ्यायचं आहे असं विचार.

माझ्या मामंजींचं काय झालं ते सांगते. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा त्यांची माफी मागितली, ग्रुपवर बोलले त्याबद्दल. मग मला माहीत होतं तेवढं सांगितलं. तेव्हा नियम काय होते, प्रेत का गुंडाळत होते, आतले डॉक्टरही किती घाबरलेले होते. तोंड दाखवायला हवं होतं, हेही मी म्हणाले, कारण मला तसंच वाटतं. ते त्या दिवशी काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "डेपोतल्या कुणी घेतली का गं?" मग तुझ्या भाऊजींनी मामंजींच्या जुन्या वाहतूक नियंत्रकांना फोन लावून दिला. त्यांनी दोन्ही डोस घेतले होते. जूनमध्ये तिघं निवृत्त एसटीवाले मिळून प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. माझ्या लिंकनं जे झालं नाही ते डेपोतल्या माणसाच्या शब्दानं झालं. अजूनही मामंजी अधूनमधून काहीबाही पाठवतात. पण आता ग्रुपवर टाकण्याआधी मला आत बोलावून विचारतात, "हे खरं असेल का?" मला एवढं पुष्कळ आहे.

पोलिओचंही असंच झालं होतं. त्या थेंबांनी पोरं निर्बीज होतात ही अफवा उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये, आपल्या मालेगावातही होती. दारं लावून घेत, पोरं लपवत. मग गल्लीतल्याच बाया घरोघर गेल्या, मौलवींनी मशिदीतून सांगितलं, आपल्या नातवंडांना लोकांसमोर थेंब पाजले. २००९ साली देशात ७४१ रुग्ण होते. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, बंगालात हावड्याची एक छोटी मुलगी. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं. हे यश ओळखीच्या माणसांनी मिळवलं आहे.

तेव्हा तुझ्या सासऱ्यांना कुणाचं पटतं ते शोध. त्यांचे जुने डॉक्टर असतील, वारीतले सोबती असतील, शेजारची आशाताई असेल. आणि तो मेसेज 'हे बघा किती खोटं आहे' म्हणून तू दहा ठिकाणी पाठवू नकोस. तेच तेच कानावर पडलं की खोटंही ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं ते खरं वाटतं. सांगायचंच तर गोवराचं सांग.

एक गोष्ट मात्र निराळी आहे आणि तिथं मी तुला सबुरी सांगणार नाही. अफवा जेव्हा कुणा माणसावर बोट ठेवते, 'हे पोरं पळवणारे', 'हे अमक्या जातीचे, धर्माचे', तेव्हा त्याच मिनिटाला तोंड उघडायचं. ग्रुप असो, पंगत असो, सासरे असोत की आपला भाऊ असो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. भिक्षेवर पोट भरणारी माणसं, बहुतेक मंगळवेढ्याकडची. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. त्या दिवसांत पोरं पळवण्याचे व्हिडिओ देशभर फिरत होते. त्यातला एक तर कराचीतला, पालकांना सावध करायला मुद्दाम बनवलेला. त्याचा शेवट कापून टाकला होता. त्याच रात्री मालेगावात एका कुटुंबावर तसाच जमाव चालून आला. त्यांच्यासोबत लहान मूल होतं. तिथं एका रहिवाशानं त्यांना आपल्या घरात घेतलं, दार लावलं, पोलीस आले आणि ते वाचले. एका माणसानं दार लावलं म्हणून, बयो. असं काही कानावर आलं तर मन वळवत बसू नकोस, ११२ ला फोन कर.

आणि बाळाच्या लसीबद्दलही माझं म्हणणं स्पष्ट आहे. सासऱ्यांचा रुसवा काढायला महिना लागू दे, वर्ष लागू दे, पण लस तोवर थांबायची नाही. गोवरासारखा झपाट्यानं पसरणारा आजार दुसरा नाही म्हटलं तरी चालेल. २०२२ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी मुंबईत गोवंडीला साथ आली तेव्हा लस न घेतलेली लेकरं दगावली. त्यांच्या आयाही कुणाच्या तरी सुनाच होत्या. त्यांच्या घरात काय बोलणं झालं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आज संध्याकाळी त्यांचा चहा तू स्वतः घेऊन जा. काल मी शब्द चुकीचा वापरला, एवढं म्हण. मग आणीबाणीत त्यांच्या गावात काय झालं होतं ते विचार आणि मध्ये न बोलता सगळं ऐक. बाळाच्या कार्डावर पुढची तारीख लिहिली आहे. त्या दिवशी त्यांना उपकेंद्रात बरोबर ने, सिस्टरला काय विचारायचं ते त्यांना स्वतःला विचारू दे, आणि सुई टोचताना बाळाला आजोबांच्या मांडीवर दे.