किंगस्नेक: नक्षी वेगळी, प्रजाती एकच?

प्रश्न: किंगस्नेकची नक्षी प्रदेशागणिक बदलते, मग नक्षीवरून उपप्रजाती ठरवता येते का?

उत्तर: उत्तर अमेरिकेतील हा बिनविषारी साप अटलांटिक किनाऱ्याकडे काळ्या अंगावर पांढरी साखळी घेऊन आढळतो, तर मिसिसिपीच्या खोऱ्यात त्याच्या काळ्या खवल्यांवर पिवळसर ठिपके असतात. या रूपांना उपप्रजाती, म्हणजे एकाच प्रजातीचे प्रादेशिक गट, मानले जाई. २००९ मध्ये जनुकीय पुराव्यावरून त्यांपैकी काहींना स्वतंत्र प्रजातींचा दर्जा सुचवण्यात आला. तथापि केवळ नक्षीवर विसंबणे फसवे ठरते, कारण दक्षिण कॅलिफोर्नियातील आडव्या पट्ट्यांचे आणि पाठीवर उभी रेघ असलेले साप एकेकाळी दोन प्रजाती समजले जात. परंतु सर्पअभ्यासक लॉरेन्स क्लॉबर यांनी १९३०च्या दशकात दोन्ही प्रकारची पिल्ले एकाच मादीच्या अंड्यांतून निघतात हे दाखवून तो समज खोडून काढला.