इंजिनवरचा वेल्डिंग सेट : नेताना आणि मांडताना

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील आपले अनेक बांधव फॅब्रिकेशन व वेल्डिंगच्या धंद्यात आहेत. दुकानात बसून ग्रिल, शटर आणि फाटके करणे हा या धंद्याचा एक भाग. दुसरा भाग गावोगाव जाऊन करावा लागतो. कुठे राईस मिलचा एलिव्हेटर तुटलेला असतो, कुठे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा दांडा, तर कुठे शाळेचे फाटक. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरीच्या धानपट्ट्यात किंवा आलापल्लीच्या पुढे एटापल्ली-भामरागडकडे हे काम निघते, तेव्हा लाईन असेलच आणि असली तरी पुरेसा व्होल्टेज मिळेलच, याचा भरवसा नसतो. म्हणून इंजिनवर चालणारा सेट सोबत न्यावा लागतो. अनेक कारागिरांची सारी पुंजी म्हणजे हा एक सेट. तो नेताना उलटला किंवा त्याच्या ठिणगीने कुणाचे पीक जळाले, तर वर्षांची कमाई एका दिवसात जाते. म्हणून या विषयाचा धडा आम्ही येथे देत आहोत.

लादण्यापूर्वी

सेट पूर्ण थंड होऊ द्यावा. गरम सायलेन्सरवर ताडपत्री टाकली तर ती पेट घेते. इंधनाचा कॉक बंद करावा, टाकीचे झाकण घट्ट आहे का पाहावे. टाकी काठोकाठ भरू नये. उन्हात डिझेल फुगते आणि खड्ड्यांत हिंदकळून बाहेर येते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी. केबल, होल्डर आणि क्लॅम्प सेटवर नुसते टाकू नयेत, वेगळ्या पेटीत न्यावेत.

चढवताना वजनाचा अंदाज बांधू नये, प्लेटवर लिहिलेले वजन वाचावे. चेन पुलीचा हुक सेटच्या उचलण्याच्या कडीतच अडकवावा. हँडलला, पत्र्याच्या झाकणाला किंवा इंजिनच्या भागाला दोर बांधून उचलू नये. उचललेल्या वजनाखाली कुणी उभे राहू नये, शिकाऊ पोराला तर तिथे फिरकूही देऊ नये.

बांधणे

पिकअपमध्ये सेट मागच्या फळीला टेकवून ठेवण्याची सवय दिसते. ती चुकीची आहे. वजन केबिनच्या बाजूला, मधोमध आणि शक्य तितके खाली असावे. चाके असतील तर त्यांना पुढून-मागून लाकडी पाचर ठोकावी. जोराचा ब्रेक लागला की सामान आपल्या वजनाच्या जवळपास आठ दशांश जोराने पुढे धावते. म्हणजे 500 किलोचा सेट सुमारे 400 किलोचा धक्का देतो. सुतळी किंवा जुना नायलॉनचा दोर हा धक्का सोसत नाही. चारही कोपऱ्यांतून साखळी किंवा कसणीचा पट्टा तिरका ओढून बांधावा. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पुन्हा कसावा, कारण खराब रस्त्यावर गाठी बसतात आणि पट्टे सैल पडतात.

सेट स्वतःच्या चाकांवर ट्रेलरसारखा ओढायचा असेल, तर एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा. भार मागे गेला की ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. हुकाला पिन असली तरी जोडीला सुरक्षेची साखळी हवीच.

आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण सर्व जाणतो. सेटच्या बाबतीत ती अक्षरशः लागू आहे.

इंधनाचा डबा

19 मे 2022 च्या रात्री चंद्रपूर-मूल रस्त्यावर अजयपूरजवळ इंधनाचा टँकर आणि लाकडांनी भरलेला ट्रक यांची धडक होऊन आग लागली आणि नऊ माणसे जळून मेली. आपला डबा टँकरएवढा नसतो, पण इंधन तेच असते. पेट्रोलियम कायदा, 1934 नुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय 30 लिटरपर्यंतच बाळगता येते आणि डबा 25 लिटरपेक्षा मोठा असू नये. डिझेलची मर्यादा मोठी असली तरी कामापुरतेच न्यावे. डबा घट्ट झाकणाचा असावा आणि तो केबिनमध्ये, माणसांजवळ ठेवू नये. जंगलाच्या रस्त्याने रात्रीचा प्रवास टाळावा; अचानक जनावर आडवे आले की बांधलेल्या सामानाची परीक्षा होते.

जागेवर मांडणी

सेट सपाट, टणक जमिनीवर ठेवावा. फार तिरका राहिला तर तेल एका बाजूला जाऊन पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जाते. धूर माणसांकडे किंवा घराच्या दारा-खिडकीकडे जाता कामा नये. बंद गोदामात किंवा पावसामुळे ताडपत्रीने वेढलेल्या जागेत इंजिन कधीही चालवू नये. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. डोके जड झाले असे वाटेपर्यंत माणसाच्या पायातले बळ गेलेले असते.

अर्थ क्लॅम्प सांध्याच्या अगदी जवळ, रंग आणि गंज खरवडून लावावा. तो दूर लावला तर करंट बेअरिंग, साखळी किंवा हायड्रॉलिकमधून वाट काढतो आणि दुरुस्तीच्या नावाखाली नवी मोडतोड होते. ट्रॅक्टरवर काम करताना त्याच्या बॅटरीच्या दोन्ही वायरी आधी काढाव्यात, निगेटिव्ह प्रथम. केबल गुंडाळलेली ठेवू नये, ती तापते. घामाने भिजलेले हातमोजे आणि ओली जमीन असेल, तर रॉड न लागलेल्या होल्डरवरील 70-80 व्होल्टही जिवावर बेततात. पायाखाली कोरडी फळी घ्यावी.

सेटवरून ग्राइंडर चालवत असाल तर 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवावा. आणि एक गोष्ट कुणी कितीही आर्जव केले तरी करू नये : सेटची वायर गावातल्या घराच्या बोर्डात जोडू नये. तो करंट उलटा लाईनवर जातो आणि बंद लाईन समजून खांबावर चढलेला लाईनमन मरतो.

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, तर सेटची क्षमता साधारणपणे 40 अंश धरून ठरवलेली असते. प्लेटवर 60 टक्के लिहिले असेल तर दहा मिनिटांत सहा मिनिटे वेल्डिंग, चार मिनिटे विश्रांती. मे महिन्यात विश्रांती त्याहून वाढवावी.

ठिणगी, धान आणि जंगल

वेल्डिंग-कटिंगची ठिणगी 35 फुटांपर्यंत उडते, हा हिशेब धरून जागा साफ करावी. राईस मिलचा कोंडा, तणस, धानाचे पुंजणे आणि सागाचा वाळलेला पाला या सर्वांना एक ठिणगी पुरते. कोंड्याचा घात असा की तो वरून शांत दिसतो, आत धुमसतो आणि कारागीर घरी पोहोचल्यावर पेटतो. म्हणून जमीन ओली करावी, पाण्याच्या दोन बादल्या, वाळू आणि एक माणूस केवळ पाळतीसाठी ठेवावा. काम संपल्यावर किमान एक तास जागा सोडू नये. सायलेन्सरला ठिणगी अडवणारी जाळी बसवून घ्यावी.

भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 नुसार राखीव वनाला आग लावणे किंवा वनाला धोका होईल अशी आग सोडून जाणे गुन्हा आहे आणि नुकसानभरपाईही वसूल होते. मोहफुलांच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत वनाला लागून काम असेल, तर आधी वनरक्षकाला सांगावे. पुढे कुठे आग लागलीच तर संशय प्रथम परक्या कारागिरावर येतो.

डिझेलचा जुना ड्रम किंवा गाडीची टाकी वेल्ड करण्याचे काम सरळ नाकारावे. रिकामा दिसणारा ड्रम वाफेने भरलेला असतो आणि बॉम्बसारखा फुटतो.

दराचा हिशेब

हे सारे करायला वेळ लागतो आणि वेळेचा पैसा होतो. तो दरात आधीच धरावा : गाडीभाडे, डिझेल, पाळतीच्या माणसाची मजुरी आणि शेवटचा एक तास. मालकाला हे काम सुरू होण्यापूर्वी सांगावे, म्हणजे नंतर वाद होत नाही. दुसरा कुणी स्वस्तात करून देईल, हे खरे. पण ज्याच्या हातून मिल सुरक्षित राहिली, त्यालाच पुढच्या हंगामात बोलावणे येते. हलाल रोजीत आपल्या माणसांचा जीव आणि दुसऱ्याचा माल, दोन्ही अमानत आहेत, हे धंदा करणाऱ्याने विसरू नये.