पाय धुणारा प्रभु आणि आमचें घर

शास्त्रपाठ : योहान १३:१–१७, रोमकरांस १४, १ करिंथकरांस ७:१२–१६, १ पेत्र ३:१–७

बाहेरून आलेल्या माणसास पाय धुण्यास पाणी देणें ही आपल्या खेड्यापाड्यांतील जुनी रीत आहे. शेतांतून दमून आलेला घरधनी असो कीं दुरून आलेला पाहुणा असो, पाण्याचा तांब्या त्याच्यापुढें ठेवला म्हणजे तो दाराबाहेर पाय धुवून आंत येतो. परंतु पाणी देणें निराळें आणि पाय धुणें निराळें. पाणी घरची सून देते किंवा एखादें मूल देतें. पाय मात्र ज्याचे त्यानें धुवावे. म्हणून योहानाच्या तेराव्या अध्यायांतील गोष्ट आपल्या लोकांस चटकन् समजते, आणि नीट विचार केल्यास त्यांस चकितही करिते.

१. जो मोठा, तोच वांकला.

पालेस्तीन देशांतील रस्ते धुळीचे व पायांतील वहाणा उघड्या, त्यामुळें पाय धुणें हें तेथेंही नित्याचें काम होतें. पण तें दासांचें काम समजत. यहूदी गुरूंच्या एका प्राचीन टीकेंत तर इब्री दासाकडूनही धन्यानें हें काम करवूं नये, असें सांगितलें आहे. त्या रात्रीं भोजनास बसलेल्यांपैकीं कोणीही तें करण्यास उठला नाहीं. उठला तो प्रभु. त्यानें अंगावरचीं वस्त्रें काढून ठेविलीं, कमरेस रुमाल बांधला, गंगाळांत पाणी ओतलें आणि शिष्यांचे पाय धुवून पुसले.

घरांत ह्या गोष्टीचा अर्थ बहुधां उलटा केला जातो. नम्रतेचा पाठ सुनेस सांगतात, मुलांस सांगतात. ज्यांस आधींच वांकावें लागतें त्यांसच आणखी वांका म्हणतात. परंतु रुमाल बांधणारा त्या घोळक्यांतील सर्वांत धाकटा नव्हता, तो गुरु होता. मग हा पाठ प्रथम कोणासाठीं? बापासाठीं, सासूसाठीं, थोरल्या भावासाठीं. आणि आम्हां पाळकांसाठीं व उपदेशकांसाठीं तर विशेषेंकरून. दोन गांवीं उपदेश करून घरीं परतलेला उपदेशक, दिवसभर निंदणी करून आलेल्या बायकोनें आपणांस उठून पाणी द्यावें म्हणून हांक मारीत बसला, तर त्याचा उपदेश वेशीबाहेरच राहिला असें समजावें. पौलानें तीमथ्याला लिहितांना मंडळीच्या वृद्ध विधवांच्या सत्कृत्यांत मुलें वाढविणें, पाहुण्यांचा सत्कार करणें व पवित्र जनांचे पाय धुणें हीं एकत्र सांगितलीं आहेत (१ तीमथ्य ५:१०). मूल न्हाऊं घालणें, आजाऱ्याचें अंथरूण काढणें, म्हाताऱ्याचा हात धरणें, हीं कामें मंदिरांतील सेवेहून हलकीं नव्हेत.

२. जो वांकतो, तो ओढीत नाहीं.

पेत्रानें प्रथम पाय धुवून घेण्याचें नाकारलें. तेव्हां प्रभूनें त्याचा पाय बळजबरीनें धरला नाहीं. तुला हें आतां कळत नाहीं, पुढें कळेल, अशा अर्थाचें त्यानें सांगितलें. न मानल्यास काय गमावशील तेंही स्पष्ट केलें, आणि पेत्राच्या तोंडून होकार येईपर्यंत तो थांबला. यहूदा इस्कर्योताच्या मनांत काय आहे हें त्यास ठाऊक होतें, तरी इतरांचे पाय धुतांना त्यानें यहूदास वगळलें असें शास्त्र सांगत नाहीं. सेवा सर्वांची करावी. मन मात्र कोणाचेंही जबरीनें वळवूं नये.

रोमकरांस लिहितांना पौल हाच नियम मंडळीस लावितो. एक जण सर्व कांहीं खातो, दुसरा केवळ भाजीपाला खातो. एक जण एखादा दिवस विशेष मानतो, दुसरा सर्व दिवस सारखे मानतो. तेथें पौल कोणासही दुसऱ्याचा धनी होऊं देत नाहीं. मनांत संशय असतां केलेलें कृत्य विश्वासाचें नव्हे, असें तो म्हणतो. आपल्या घरांत हा प्रश्न जत्रेच्या दिवसांत हटकून येतो. भावकींतून नैवेद्याचें ताट येतें. धाकट्या जावेचें मन तें घेण्यास धजत नाहीं, थोरला दीर म्हणतो, “मूर्ति ती कसली! खा कीं मुकाट्यानें.” दिराचें ज्ञान खरें असेल, परंतु त्या ज्ञानानें त्यानें बहिणीप्रमाणें असलेल्या भावजयीचें मन तुडविलें, तर त्यास प्रीति म्हणतां येत नाहीं. तसेंच ताट नाकारणारीनेंही भावकीचा अपमान करूं नये. गोड शब्दांनीं नाकारावें, आणि दुसऱ्याच दिवशीं त्यांच्या घरच्या आजाऱ्यास पेज नेऊन द्यावी.

३. एका ख्रिस्ती कुटुंबाचें उदाहरण.

रेव्ह. नारायण वामन टिळक ह्यांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळीं हिंदु धर्मांतच राहिल्या. कांहीं काळ पतिपत्नींस वेगळें राहावें लागलें. पुढें लक्ष्मीबाई अहमदनगरास पतीजवळ आल्या, तरी त्यांनीं आपलें सोवळेंओवळें सोडलें नव्हतें. टिळकांचा स्वभाव तापट होता, हें लक्ष्मीबाईंनींच “स्मृतिचित्रे” ह्या ग्रंथांत लिहून ठेविलें आहे. अशा माणसास वाट पाहणें किती कठीण गेलें असेल! तरीही पत्नीचा बाप्तिस्मा त्यांनीं बळानें घडविला नाहीं. जातिभेद मनुष्यानें केला आहे, देवानें नव्हे, ही खात्री लक्ष्मीबाईंची त्यांच्याच विचारानें झाली, आणि १९०० सालीं त्यांनीं स्वतःच्या विश्वासानें बाप्तिस्मा घेतला. १९१९ सालीं टिळक वारल्यावर त्यांचें अपुरें राहिलेलें “ख्रिस्तायन” काव्य पुढें नेण्याचें काम ह्याच बाईंनीं हातीं घेतलें. १८९५ सालींच जबरी झाली असती, तर मंडळीच्या वहींत एक नांव वाढलें असतें. असा साक्षीदार मात्र लाभला नसता.

करिंथकरांस पौलानें हेंच शिकविलें : विश्वास न ठेवणारा सोबती एकत्र नांदण्यास राजी असेल तर त्यास टाकूं नये. पेत्रही म्हणतो कीं, वचन न मानणारा नवरा पत्नीच्या वर्तनानें, एक शब्दही न बोलतां, मिळविला जाईल. आणि नवऱ्यांस तो बजावतो कीं, पत्नीचा मान न राखल्यास तुमच्या प्रार्थनांस अडथळा होईल. जो घरीं ओरडतो, त्याची प्रार्थना छपराशींच अडते.

४. मर्यादा कोठें?

कोणी विचारील, “मग नम्र माणसानें घरच्यांचें सर्वच ऐकावें काय?” नाहीं. आपले हातपाय आम्हीं सर्वांच्या सेवेस द्यावे. सदसद्विवेक मात्र देवावांचून कोणाच्याही स्वाधीन करूं नये. सासरा खोटी साक्ष देण्यास सांगेल, बाप मुलीचें लग्न कर्जाच्या फेडीसाठीं जुळवील, नवरा दारूसाठीं घरांतील धान्य विकील, तेथें नाहीं म्हणणें हाच विश्वास होय. मारहाण मुकाट्यानें सोसणें म्हणजे सेवा, असेंही शास्त्र शिकवीत नाहीं. अशा वेळीं मंडळीच्या वडिलांनीं त्या बहिणीच्या पाठीशीं उभें राहावें. मात्र नाहीं म्हणणाऱ्याच्या कमरेस रुमाल बांधलेला दिसावा. ज्यानें सासऱ्याचें आजारपण काढलें आहे, त्याचा नकार सासऱ्यास उद्धटपणाचा वाटत नाहीं.

विचारासाठीं प्रश्न

(१) आमच्या घरांत सर्वांत शेवटीं कोण जेवतें? तें का?
(२) घरांतील कोणाच्या विश्वासाविषयीं आम्हीं घाई करीत आहों काय? त्याची कोणती सेवा आम्हीं ह्या आठवड्यांत करूं शकूं?
(३) आमच्या मनास न पटणारी कोणती गोष्ट केवळ घरच्यांच्या भयानें चालूं आहे?

उपदेशकांनीं हे प्रश्न मंडळींत विचारण्यापूर्वीं आपल्या स्वतःच्या घरीं, दिवा लावल्यावर, सर्वांसमक्ष वाचावे. आणि पहिलें उत्तर घरांतील सर्वांत धाकट्यास देऊं द्यावें.