वाडीसाठी चेनसॉ घेताना पैसे कुठे घालावेत

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि संध्याकाळी नागावातल्या वाड्यांतून चालायला वाट उरली नव्हती. सुपाऱ्या मोडलेल्या, माड आडवे, आंबा-फणस मुळासकट उपटून कुंपणावर नि कौलांवर पडलेले. मशीनवाल्याला एकाच वेळी साऱ्या गावाचं बोलावणं, त्यामुळे आमचा नंबर लागायला आठ दिवस गेले. पुढे ओळखीतल्या बऱ्याच जणांनी स्वतःचं मशीन घेतलं, तेही मोठ्यात मोठ्या पट्टीचं. त्यातली काही आज पडवीत गंजत आहेत. म्हणून हा हिशेब मांडतो. किमती अंदाजे आहेत, दुकानात विचारून घ्याव्यात.

आधी घ्यायचं की नाही ते ठरवा. मशीनवाला इंधनासह दिवसाला दोन हजार घेतो असं धरलं, तर मशीनपासून बुटांपर्यंतचं साडेतेरा हजारांचं साहित्य (हिशेब पुढे आहे), स्वतःच्या पेट्रोलचा खर्च सोडला तर, सात दिवसांच्या कामात वसूल होतं. वाडीत वर्षाला एखादंच झाड पडत असेल तर त्यालाच बोलवा. रोज बंब पेटत असेल, किंवा पाहुण्यांसाठी चुलीवर रांधत असाल, तर स्वतःचं मशीन परवडतं.

विजेवरचं मशीन पाच-सहा हजारांत मिळतं, हलकं असतं, अंगणातल्या फांद्यांना पुरतं. पण निसर्गनंतर वीज कित्येक दिवस नव्हती. नेमक्या गरजेच्या वेळी जे बंद पडतं ते किनाऱ्यावर मुख्य मशीन म्हणून घेऊ नये. पेट्रोलवरची ५२ किंवा ५८ सीसीची साधी मशीन सात ते नऊ हजारांत मिळतात. स्टिल, हस्कवर्ना यांची ४५ सीसीच्या आसपासची मशीन त्याच्या तिप्पट-चौपट पडतात, पण ती कमी थरथरतात, सहज सुरू होतात आणि जास्त वर्षं टिकतात. महिन्यातून दोन-तीन दिवस काम असेल तर साधं मशीन पुरे. मात्र कार्बुरेटर नि क्लचचे सुटे भाग अलिबागमध्ये मिळतील का, हे पैसे देण्याआधी विचारा.

आता पट्टी. दुकानदार २२ इंची पुढे करतो. मी १८ इंचीच घ्या म्हणेन. दोन्ही बाजूंनी कापत गेलं तर १८ इंची पट्टीने अडीच फुटांचा बुंधाही सुटतो. लांब पट्टीला चेन लांब लागते, इंजिनावर ताण येतो आणि धार लावायला दात वाढतात. १८ इंची पट्टीवर बहुधा ०.३२५ पिचची, ७२ लिंकची चेन बसते. पण पट्टीवर कोरलेले आकडे टिपून घेतल्याशिवाय नवी चेन आणू नका.

उरलेले पैसे धारेवर घाला. दोन जादा चेन दीड हजार, ४.८ मिलिमीटरच्या गोल कानशी आणि गाइड चारशे. बोथट चेनने मोठं मशीनही रडतं. लाकडातून जाडसर कीस उडत असेल तर धार आहे. पिठासारखा भुसा पडू लागला की थांबा. दर टाकीला, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाने, प्रत्येक दाताला दोन-तीन वेळा कानस मारा, फक्त पुढे ढकलत.

नागावात धारेचा खरा वैरी वाळू आहे. जमिनीवर पडलेला ओंडका तिथेच कापला आणि पट्टीचं टोक क्षणभर वाळूत गेलं, की चेन गेलीच. खाली दोन आडवी लाकडं घाला, साल झाडून घ्या, मगच कापा. माडाचा बुंधाही धार खातो, आणि सरपण म्हणून त्याची किंमत नाही. तो ओढून बाजूला करता येईल इतकाच कापावा. आंबा, चिंच ओली असतानाच चुलीच्या मापाने, दीड फुटाने कापा आणि मग वाळवा. वाळलेल्या चिंचेत पेट्रोलही जास्त जातं, वेळही.

टू-टी ऑइल चांगल्या प्रतीचं असेल तर लिटरला २० मिली, साध्या मशीनच्या पुस्तिकेत ४० सांगितलं असेल तर ४०. चेनचं ऑइल वेगळं. दोन्ही मिळून सातशे रुपये. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ते ओल धरतं, म्हणून काम संपलं की टाकी रिकामी करून ठेवा. खाऱ्या हवेत चेन तेलात बुडवून ठेवलेली बरी.

जाळीचं हेल्मेट, कानावरचे मफ, हातमोजे, बूट यांना तीन हजार लागतील. मशीनचे आठ हजार धरले तर सगळे मिळून साडेतेरा हजारांच्या आसपास. यातला हेल्मेट-बुटांचा खर्च कमी करू नका. लुंगी नेसून, चपला घालून मशीन चालवताना माणसं दिसतात, पाहवत नाही. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडावर येतं, म्हणून चेन ब्रेक चालतो का हे रोज बघा. उपटलेल्या झाडाचा बुंधा मुळापाशी कापला की मुळांचा गड्डा अचानक मागे उभा राहतो. त्याच्यामागे कुणी, विशेषतः पोरं, उभं राहू देऊ नका. फार मोठं, कौलांवर टेकलेलं झाड सरावाच्या माणसाकडूनच काढा, मशीन घरी असलं तरी.

आणखी एक. आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं आहेत, स्वतःच्या वाडीतलं उभं झाड तोडायलाही परवानगी लागते. खारफुटीला हात लावायचाच नाही. किनाऱ्यावरचा सुरू पडलेला असला तरी विचारल्याशिवाय उचलू नका.

खरेदी एप्रिलमध्ये करा आणि मेमध्ये दोन टाक्या जाळून हात बसवून घ्या. निसर्ग आलं तेव्हा जून लागून तीनच दिवस झाले होते.