गाडीचा पलंग

अगं, दुपारी तू फोटो पाठवलास तो राजकन्येच्या बग्गीचा पलंग पाहिला. गोड आहे, नाही म्हणत नाही. पण पैसे भरले नसशील तर थांब जरा. आमची फजिती तुला पूर्ण कधी सांगितलीच नाही मी.

आमच्या चिरंजीवांच्या चौथ्या वाढदिवसाला लाल रेसिंग कारचा पलंग आणला होता. पुढे दिवे, बाजूला चाकं. पहिला महिना शेजारची पोरंसुद्धा बघायला यायची. मग एकेक कळायला लागलं. गादी जेमतेम साठ इंची, त्यामुळे चादर कुठलीच धड बसेना. अंधारात उठलं की चाकाच्या फुगवट्यावर माझी नडगी ठरलेली. सातव्या वर्षी साहेबच म्हणाले, "आई, मित्र हसतात." विकायला काढला, तर भंगारवाल्यानेही तोंड वाकडं केलं. प्लायसुद्धा नव्हता गं तो, भुसा दाबून केलेला बोर्ड! भिंतीच्या ओलीने दोन पावसाळ्यांत खालून फुगला आणि पापुद्रे सुटले.

म्हणून म्हणते, पलंग साधाच घे. ७२ बाय ३६ इंचांची गादी बसेल असा, म्हणजे दहावीपर्यंत बघायला नको. खाली ओढायचे दोन मोठे खण ठेव, खेळण्यांचा पसारा त्यात जातो. बग्गी हवीच असेल तर मच्छरदाणीला झालर लाव. कंटाळली की काढून टाकता येते. आणि दोन मजली पलंगाचा हट्ट धरला तरी सहा वर्षांच्या आत वर झोपवू नकोस.

सुताराकडून करून घेणार असशील तर प्लायवरचा शिक्का स्वतः बघ. आयएस ७१० म्हणजे पाण्याला टिकणारा. तो महाग वाटला तर आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर घे, पण एमआर नको, तो ओल सोसत नाही. कोपऱ्यांचं सांगायला गेलं की सुतार "हो ताई" म्हणतो आणि काटकोनच ठेवतो. मी शेवटी रुपयाचं नाणं कोपऱ्यावर ठेवून पेन्सिलने गोल मारून दिला, म्हटलं एवढं घासा. मग झालं.

टेबल-खुर्चीत मात्र कंजुषी करू नकोस, आणि "वाढत्या अंगाचं" म्हणून मोठं तर मुळीच घेऊ नकोस. ते फ्रॉकला ठीक. खुर्चीत बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि कोपर टेबलाच्या पातळीला आलं पाहिजे. पाच-सहा वर्षांच्या पोरीला खुर्चीची बैठक साधारण १२ इंचांवर आणि टेबल २१ इंचांवर. पाय लोंबकळत राहिले की ती दहा मिनिटांत उठते, आणि आपण म्हणतो पोरीचं लक्षच नाही अभ्यासात!

आता एक घाबरवणारी गोष्ट, पण सांगायलाच हवी. खणांचं कपाट पोरांना जिन्यासारखं दिसतं. खालचे खण ओढायचे, वर चढायचं, की सगळं कपाट अंगावर. वजनदार आहे, हलणार नाही, या भरवशावर राहू नकोस. मागून दोन लोखंडी एल-पट्ट्या भिंतीत ठोकून घे. अर्ध्या तासाचं काम आहे. पलंग खिडकीखाली नको, जाळी असली तरी.

आणि मजेचं म्हणशील, तर कपाटाच्या एका दाराला फळ्याचा काळा रंग दे. भिंती वाचतात. कपडे टांगायची दांडी तिच्या हाताला येईल इतकी खाली घे, वरच्या फळ्या तुझ्या. आमच्याकडे दांडी उंच होती तोवर शर्ट मीच काढून देत होते, नऊ वर्षांच्या घोड्याला!

अजून एक आहे, पण हसू नकोस. आईच्या माळ्यावरचा तो पितळी फुल्यांचा पाट. लहानपणी तोच आपली आगगाडी होता, तोच बाहुलीचा पलंग, आणि वरच्या फडताळातला लाडूचा डबा गाठायलाही तोच. तुझ्या लेकीला वॉशबेसिनपाशी उभं राहायला उंची पुरत नाही ना? खाली रबराच्या चकत्या चिकटवल्या की घसरणार नाही.

रविवारी येते मी, मोजपट्टी घेऊन. पाट आईकडून उचलूनच येईन. तेवढं बग्गीवाल्याला आज काही कळवू नकोस.