काळ्या कणांतील शुभ्रता

मुलांनो, परभणी जिल्ह्यातील गंगाखेडला गोदावरीच्या कोरड्या वाळूतून लोहचुंबक फिरविला, तर काही काळे कण त्याला बिलगतात. हे कण आले कोठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. तो रस निवून आपल्या परिचयाचा काळा पाषाण झाला. ऊनपावसाने हा पाषाण झिजतो, तेव्हा त्यातील कण सुटून नदीला मिळतात.

चुंबकाला चटकन चिकटणारे कण बहुधा मॅग्नेटाइटचे असतात. त्यांचा एक सोबती मात्र चुंबकाकडे मंदपणेच ओढला जातो. त्याचे नाव इल्मेनाइट. रशियातील इल्मेन पर्वतावरून हे नाव पडले. लोह, टायटॅनियम व ऑक्सिजन यांचे हे संयुग साध्या वाळूच्या जवळजवळ पावणेदोन पट जड असते. म्हणून सागरतीरी लाटा हलकी वाळू वाहून नेतात आणि इल्मेनाइट मागे उरते. रत्नागिरी जिल्ह्यात मालगुंड, नेवरे येथे अशी काळी पुळण आढळते. केरळात चवरा येथे तर त्याचे विपुल साठे आहेत.

इ. स. १७९१ मध्ये विल्यम ग्रेगर या इंग्रज धर्मोपदेशकाने अशाच काळ्या वाळूत एक अज्ञात धातू असल्याचे ओळखले. पुढे १७९५ मध्ये क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्या धातूला टायटॅनियम हे नाव दिले.

नवल असे की, या काळ्या खनिजातील लोह वेगळे केले म्हणजे अत्यंत शुभ्र भुकटी मिळते. भिंतींचे रंग, कागद व प्लॅस्टिक यांना ती पांढरेपणा देते. पूर्वी पांढऱ्या रंगासाठी शिशाचे विषारी संयुग वापरीत. या निर्धोक रंगाने त्याची जागा घेतली. टायटॅनियम धातू तर पोलादासारखा बळकट, परंतु वजनाने निम्म्याहून थोडाच अधिक. तो सहसा गंजत नाही. म्हणूनच विमानांत आणि मोडलेले हाड सांधण्याच्या पट्ट्यांत त्याचा उपयोग होतो.

परंतु वाळू ही किनाऱ्याची तटबंदीही आहे. चवऱ्याजवळील आलप्पाड येथील रहिवाशांनी २०१८-१९ मध्ये वाळूच्या उपशाविरुद्ध आंदोलन केले. आपली भूमी समुद्र गिळीत आहे, ही त्यांची व्यथा होती. धन घ्यावे, पण ज्या भूमीने ते दिले तिचा तोल राखूनच घ्यावे.

अभ्यास
१. इल्मेनाइट किनाऱ्यावर का साचते?
२. ‘वाळू ही किनाऱ्याची तटबंदी आहे’ हे विधान स्पष्ट करा.
३. आपल्या गावच्या ओढ्यातील वाळूतून लोहचुंबक फिरवा व जे दिसेल ते पाच वाक्यांत लिहा.