जुन्या अ‍ॅम्बॅसडरचे वायरिंग : आधी मीटर, मग पान्हा

उत्तरपाड्याच्या कारखान्यात अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. तरी हौशी मालकांनी ही गाडी जपून ठेवली आहे. ती गॅरेजात आली की कॉइल बदला, बॅटरी बदला, डायनमो रिवाइंड करा, असा अंदाजाचा कारभार सुरू होतो. खर्च वाढतो, दोष तसाच राहतो आणि गिऱ्हाईक कायमचे तुटते. म्हणून आमच्या कारागीर बांधवांसाठी डायनमोच्या गाडीच्या तपासणीचा क्रम आम्ही येथे देत आहोत. साध्या मल्टीमीटरवर काम भागते.

१) बॅटरी व अर्थ : ब्रिटिश घडणीच्या जुन्या गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला असे. त्यामुळे कोणते टोक अर्थला आहे, हे प्रथम पाहावे. बंद गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. मग मीटरची एक सुई बॅटरीच्या अर्थ टोकावर व दुसरी इंजिनवर ठेवून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आल्यास अर्थची पट्टी किंवा तिचे बोल्ट खराब समजावेत. गंज व रंग घासून पुन्हा आवळावे.

२) इग्निशन : चावी चालू करून, पॉइंट बंद असताना कॉइलच्या चावीकडील टोकावर जवळजवळ बॅटरीइतके व्होल्ट हवेत. ते कमी असतील तर दोष कॉइलचा नसून चावी, जोड किंवा वायरचा आहे. डिस्ट्रिब्युटरकडील टोकावर पॉइंट बंद असता शून्याजवळ आणि उघडे असता पूर्ण व्होल्ट यावेत. बंद असतानाही व्होल्ट राहिले तर पॉइंट जळलेले किंवा डिस्ट्रिब्युटरचा अर्थ कच्चा आहे. पॉइंट बंद ठेवून चावी फार वेळ चालू ठेवू नये, कॉइल तापते.

३) चार्जिंग : फॅन बेल्ट पाहून घ्यावा. इंजिनचा वेग वाढवला असता बॅटरीवर सुमारे १४ व्होल्ट दिसावेत. तेवढे आले नाहीत तर डायनमोच्या 'डी' व 'एफ' या दोन्ही वायरी काढाव्यात, ती टोके एकमेकांना जोडावीत आणि जोड व बॉडी यांमध्ये मीटर लावून वेग हळूहळू वाढवावा. व्होल्ट भराभर चढले तर डायनमो ठीक आहे. २० च्या वर मात्र जाऊ देऊ नये. मग दोष वायरीत, कट-आउटमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये शोधावा. चालू इंजिनवर बॅटरीचे टोक काढून पाहण्याची सवय सोडावी. अल्टरनेटर बसवलेल्या गाडीत त्याने डायोड उडतात.

४) वायरी : लुकास पद्धतीत तपकिरी वायर बॅटरीकडून, पांढरी चावीतून आणि हिरवी फ्यूजमधून येते, काळी अर्थची. पण आधीच्या दुरुस्तीत रंग बदललेले असू शकतात, म्हणून मीटरवरच विश्वास ठेवावा. तपकिरी व पांढऱ्या वायरीवर बहुधा फ्यूज नसतो. ती घासून बॉडीला टेकली तर सगळा हार्नेस पेट घेऊ शकतो. अशा ठिकाणी पिळून टेप गुंडाळलेला जोड ठेवू नये; योग्य जाडीची वायर व दाबून बसवलेले थिंबल वापरावे.

दुरुस्तीपूर्वीचे व नंतरचे व्होल्ट बिलावर लिहून द्यावेत. पैसे कशाचे घेतले, हे गिऱ्हाइकाला त्यातूनच कळते आणि पुढचे काम तोच आणून देतो.